चूक तिची नव्हती, ओटीपीवर विसंबलेल्या माझी होती

धनत्रयोदशीला चार दिवस उरले होते आणि आमच्या दुकानाचं ऑनलाइन पेज हातचं गेलं. भांड्यांचा धंदा करणाऱ्याला हे चार दिवस म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. भांडी बाजारातलं दुकान सासऱ्यांनी उभं केलेलं, ऑनलाइन विक्री मात्र मी सुरू केलेली. समया, तांब्याचे हंडे, ताम्हणं, सगळ्याचे फोटो पॅकिंगच्या टेबलावर मीच काढलेले.

"तुमच्या पेजविरुद्ध तक्रार आली आहे, २४ तासांत खात्री करा," असा मेसेज आला. आमच्याकडे पेजचे मेसेज बघायला असलेल्या मुलीनं घाबरून लिंक उघडली. पान हुबेहूब तसंच. तिनं पासवर्ड टाकला, ओटीपी आला, तोही टाकला. ओटीपी खराच होता, कारण त्याच क्षणी पलीकडचा भामटा तो पासवर्ड खऱ्या साइटवर टाकत होता. पाच मिनिटांत नंबर, ईमेल सगळं बदललं.

तिला मी एका शब्दानंही बोलले नाही. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे आपण सगळे पाठ म्हणतो, पण तिनं सांगितला कुठे? तिला जी जागा खरी वाटली, तिथे टाकला. एवढ्या भोळ्या कुलपावर मी अख्खा धंदा ठेवला, ही चूक माझी. शिवाय कुणी आपल्या नावानं डुप्लिकेट सिम काढलं, तर आपल्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात, ते वेगळंच.

आता जिथे सोय आहे तिथे आम्ही पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी फोनमधली डिजिटल किल्ली, लावली आहे. २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून तिला पाठिंबा जाहीर केला. बोट ठेवलं की लॉगिन. पण मला पटलं ते वेगळ्याच कारणानं. ही किल्ली खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे झालं, तर फोन ती पुढे करतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. त्या दिवशी पासवर्डऐवजी पासकी असती, तर त्या खोट्या पानाला आमच्याकडून काहीच मिळालं नसतं.

पासकी नसेल तिथे ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे लॉगिनचा कोड फोनमध्येच तयार करणारं अ‍ॅप. दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड, रेंज नसली तरी चालतो, सिमचा संबंध नाही. मात्र तो कोडही खोट्या पानावर टाकता येतो, हे विसरू नका. एसएमएस अगदीच दुसरं काही नसेल तर.

माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच दुहेरी लॉगिन (पासवर्ड आणि वर ओटीपी) सक्तीचं झालं, तेव्हा बाजारात खूप कुरकुर झाली. मला ते योग्यच वाटतं. पण एकच लॉगिन चौघांत फिरवू नका. तिथे कामगारासाठी वेगळा सब-यूजर, म्हणजे आपल्याच खात्याखाली त्याचं वेगळं लॉगिन, काढता येतो, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. माणूस काम सोडून गेला की तेवढाच बंद करायचा.

आणि फोन हरवला तर लॉगिनसाठी लागणारे बॅकअप कोड! गूगल असे दहा देतं, प्रत्येक एकदाच चालतो. मी ते छापून घेतले, पण दुकानात ठेवले नाहीत. गोदेला पूर आला की आमच्या बाजारात पाणी शिरतं. घरी वरच्या मजल्यावर, कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत, आणि ते कुठे आहेत हे सासूबाईंनाही माहीत आहे.

आसपासच्या कुणा दुकानदाराला हे लावून हवं असेल, तर रविवारी दुपारी फोन घेऊन या. चहा आमच्याकडे.