परवाना नको, हप्ते बांधून द्या

पूर ओसरला की पंधरवड्याच्या आत गावात बाहेरचे मिस्त्री, रंगारी आणि पत्रेवाले उतरतात. महिन्याभरात कुणाची तरी उचल घेऊन कुणीतरी पसार झालेला असतो, आणि मग दोन आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, या लोकांना सरकारी परवाना सक्तीचा करा. दुसरा म्हणतो, आधीच तिजोरी रिकामी, त्यात आणखी एक खातं कुठून पोसणार? टेक्सासात राहून हा वाद ऐकताना वाटतं, दोघांचाही हिशेब अर्धवट आहे.

अमेरिकेत सगळं परवान्यावर चालतं ही आपल्याकडची समजूत टेक्सासला लागू पडत नाही. इथे वायरमन, प्लंबर, एसीवाला यांना राज्याचा परवाना लागतो. छप्पर बदलणाऱ्याला लागत नाही, आणि हे गारपिटीचं राज्य! घरबांधणी व्यावसायिकांची नोंदणी करण्याचा प्रयोग मात्र झाला होता. 2003 मध्ये त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. फी भरा, अर्ज भरा, यादीत नाव येईल. तक्रारदाराला मात्र कोर्टात जाण्याआधी आयोगाच्या तपासणीच्या चक्रातून जावं लागे. राज्याच्याच आढावा यंत्रणेने उपयोगापेक्षा अपाय जास्त असा शेरा मारला, आणि 2009 मध्ये विधिमंडळाने आयोगाला मुदतवाढ दिली नाही. यादीतलं नाव ही कामाची हमी नसते, पण लोक ती तशीच धरतात. परवान्याचा हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

2011 मध्ये टेक्सासने दुसरी वाट धरली. माणसाला हात न लावता पैशाला वेसण घातली. नैसर्गिक आपत्तीने नुकसान झालेल्या घराची सफाई, पाडकाम किंवा पुनर्बांधणी करणाऱ्या ठेकेदाराने काम सुरू होण्याआधी एक डॉलरही मागायचा नाही. नंतरचा हप्ताही झालेलं काम आणि जागेवर येऊन पडलेलं सामान यांच्या प्रमाणातच. त्याच किंवा शेजारच्या काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, ज्याचा वर्षभर तरी प्रत्यक्ष पत्ता आहे, त्याला यातून सूट. कारण उघड आहे, त्याचं दार लोकांना माहीत असतं.

इथे प्रत्येक विधेयकाला विधिमंडळाच्या बजेट बोर्डाचं खर्चाचं टिपण जोडतात. अशा नियमांच्या टिपणात हमखास आढळणारं वाक्य म्हणजे, राज्यावर लक्षणीय आर्थिक भार अपेक्षित नाही. ते खरं असतं, कारण राज्य काही करणारच नसतं. नवा कारकून नाही, निरीक्षक नाही. नियम मोडला तर घरमालकाने वकील गाठायचा, नाहीतर सरकारी वकिलाला सवड होईपर्यंत थांबायचं. खर्च नाहीसा झालेला नसतो, तो फक्त घरमालकाच्या खात्यावर चढलेला असतो. फीवर चालणाऱ्या परवान्याचंही तेच: सरकारी वहीत शून्य, आणि फी ग्राहकाच्या बिलात.

आता आपल्याकडचं गणित. राज्य आपत्ती निधीच्या 2022-26 च्या निकषांत किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 रुपये, कच्च्या घराला 4,000. मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार. राज्य सरकार कधी पदरची भर घालतं, तो भाग वेगळा. साडेसहा हजारांच्या दुरुस्तीसाठी परवानाधारक ठेकेदार मागणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय वादळानंतर मिस्त्री मिळेनासे झालेले असतात; तेवढ्यात परवान्याची अट आणली की आहेत तेवढेही दर चढवतात.

मग खर्च करायचा कशावर? झाकलं जाण्याआधी काम बघणाऱ्या माणसावर. निसर्ग किंवा तौक्तेसारख्या वादळात पत्रे उडतात ते बहुतेक कडेकडून. पत्रा पर्लिनला, म्हणजे खालच्या आडव्या दांडीला, जे-हुकने धरलेला असतो. मधल्या भागात एकाआड एक उंचवट्यावर हुक चालून जातो. पण छपराच्या कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्यापाशी प्रत्येक उंचवट्यावर हवा, कारण वाऱ्याचं उचलणं तिथे सर्वात जास्त. घाईतला मिस्त्री सगळीकडे दोन-तीन उंचवटे सोडून ठोकतो, डांबरी वॉशर विसरतो आणि भोक खोलगट भागात पाडतो, म्हणजे पहिल्याच पावसात गळती. हे शिडी लावून दहा मिनिटांत मोजता येतं. पुराच्या घरात तपासायचं वेगळं: ओल्या गिलाव्यावर पुट्टी फासली का, नळीतला गाळ काढून नव्या वायरी ओढल्या का, आणि बुडालेले एमसीबी, म्हणजे बिघाड होताच वीज तोडणारे स्विच, पुसून पुन्हा बसवले तर नाहीत ना. बुडालेला एमसीबी वाळला की ठाकठीक दिसतो, पण ऐनवेळी पडेल याचा भरवसा नाही. तो फेकायचाच असतो. पुट्टी आणि रंग झाल्यावर यातलं काहीच दिसत नाही. त्यामुळे नुसती शेवटची एक भेट बिनकामाची.

तीन भेटी धरू: सुरुवात, झाकण्याआधी, शेवट. दहा हजार घरं म्हणजे तीस हजार भेटी. एका अभियंत्याच्या दिवसाला सहा भेटी धरल्या तर पाच हजार दिवस. शंभर दिवसांत उरकायचं तर पन्नास अभियंते, त्यांचा पगार आणि प्रवासभत्ता. हा खरा सार्वजनिक खर्च, आणि तो विधेयकावर उघडपणे लिहावा. किरकोळ दुरुस्तीला मधली एकच भेट ठेवली तर तिचा खर्च एक तृतीयांशावर येतो.

यंत्रणा शून्यातून उभारायची नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनीच हप्त्यांच्या पैशांतून केलं. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत आजही टप्प्याचा जिओटॅग फोटो चढल्यावर पुढचा हप्ता पडतो. फोटोत हुक मोजता येत नाहीत, तेवढ्यासाठी माणूस लागतो.

टेक्सासकडून आणखी एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. सलग 25 चौरस फूट किंवा जास्त बुरशी असेल तर ती काढायला इथे परवाना लागतो, आणि ज्याने पाहणी करून बुरशी किती ते लिहून दिलं, त्याला त्याच घरातलं काढण्याचं काम घेता येत नाही. आपल्या सोसायट्यांत दुरुस्तीचं मोजमाप करणारा आणि ठेका घेणारा कितीदा एकमेकांचे भाऊबंद असतात, ते सभासदांना विचारा. ही अट घालायला खर्च जवळपास लागत नाही, आणि ‘भार अपेक्षित नाही’ हे वाक्य या अटीपुरतं शब्दशः खरं आहे.

रेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीच्या कायद्याकडे, बोट दाखवणाऱ्यांनी त्याचं कलम 3 वाचावं. विक्री, जाहिरात किंवा नवं वाटप नसलेली दुरुस्ती त्यातून वगळलेली आहे. ग्राहक आयोग मात्र उघडा आहे: 50 लाखांपर्यंतच्या कामाला जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी नाही. तिथे टिकायला लेखी करार हवा, नुसती वहीतली उचलीची नोंद पुरत नाही.

टेक्सासच्या धर्तीवरच्या उचलबंदीवर एक आक्षेप रास्त आहे. गावच्या मिस्त्रीकडे भांडवल नसतं. उचल बंद केली तर तो पत्रे कशाने आणणार? त्याने आणूच नयेत. पत्रे, हुक, वॉशर, वायर घरमालकाने स्वतःच्या नावावर पक्क्या बिलाने घ्यावेत, सामान घरी उतरवून घ्यावं आणि मिस्त्रीशी फक्त मजुरीचा करार करावा: तिसरा भाग सांगाडा झाल्यावर, तिसरा पत्रे बसून हुक मोजल्यावर, उरलेला पहिला मोठा पाऊस झेलल्यावर.