‘शहरात राहतो तो आदिवासी कसला?’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

‘खरे आदिवासी आणि शहरातले नकली आदिवासी’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या सोलापुरात फिरतोय. सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला. परवा तो माझ्या भाचीच्या बारावीच्या ग्रुपवर पडला. त्याच ग्रुपमध्ये फासेपारधी समाजातली तिची मैत्रीण आहे, आणि तिच्या डोळ्यांदेखत वर्गातली मुलं त्याला अंगठे देत होती. म्हणून हे उत्तर.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : आदिवासी जंगलात राहतो. जीन्स घालणारा, रीतिरिवाज माहीत नसलेला, स्वतःची बोली न येणारा शहरी मुलगा आदिवासी नव्हे. पवार, काळे, भोसले ही आडनावं तर सरळ मराठ्यांची. पारधी म्हणजे इंग्रजांनीच गुन्हेगार ठरवलेली जात. धर्म बदलला की सवलत संपली पाहिजे. आणि एवढं असूनही यांना दाखले बसल्या जागी मिळतात.

जंगलाचं आधी बघू. सोलापूर जिल्हा हा माळरानाचा जिल्हा. इथला पारधी माळावर फिरायचा. खुंट्यांना फासांची ओळ लावून तितर, लावे, ससे, हरणं धरायचा. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार गुन्हा ठरली. 1979 साली नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक वाचायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांचं पोट त्या माळावर होतं त्यांना दुसरी जमीन कुणी दिली नाही. ती कुटुंबं गावकुसाबाहेर आणि शहराच्या कडेला आली. कायद्याने माळ बंद करायचा आणि मग ‘माळावर का राहत नाही?’ म्हणून त्यांच्या नातवंडांची ओळख काढून घ्यायची, हा कुठला न्याय?

‘जीन्स घालतो, रीतिरिवाज माहीत नाहीत’ या मुद्द्याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानेच दिलेलं आहे. 24 मार्च 2023, महाराष्ट्र आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समिती विरुद्ध महाराष्ट्र राज्य, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. प्रश्न हाच होता : देवदेवता, लग्नविधी, मर्तिकाच्या चाली विचारून माणूस त्या जमातीचा आहे की नाही हे ठरवता येईल का? या चाचणीला आप्तभाव चाचणी म्हणतात. न्यायालयाने म्हटलं, ही चाचणी निर्णायक मानता येणार नाही. जे कुटुंब कित्येक दशकं मोठ्या शहरात राहिलं, त्यातल्या मुलाला या गोष्टी माहीत नसू शकतात, त्याच्या आईवडिलांनाही नसू शकतात. उलट, जमातीबाहेरच्या माणसाला त्या पक्क्या ठाऊक असू शकतात. म्हणून ही चाचणी इतर पुराव्यांसोबत तोलायची, एकट्या तिच्यावर निकाल द्यायचा नाही. त्याआधी 2011 मध्ये ‘आनंद’ प्रकरणातही न्यायालयाने हेच म्हटलं होतं की स्थलांतर, आधुनिकता आणि इतर समाजांशी संपर्क यामुळे जमातीची वैशिष्ट्यं बदलतात. मेसेज लिहिणाऱ्याने हे निकाल वाचलेले नाहीत, किंवा वाचून लपवले आहेत.

बोलीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाकारून उपयोग नाही. पारधी बोली गुजरातीच्या वळणाची आहे आणि शहरात वाढलेल्या बऱ्याच मुलांना ती समजते, पण सफाईने बोलता येत नाही. ती का सुटली हे मात्र मेसेज सांगत नाही. एसटीत, दवाखान्यात, भाड्याची खोली बघताना ती बोली तोंडून निघाली की माणूस ओळखला जातो आणि वागणूक बदलते, म्हणून आईवडीलच मुलांना गप्प करतात. सोलापुरात तर हा मुद्दा मांडायलाच नको. पूर्व भागातल्या एखाद्या पद्मशाली मुलाचं तेलुगू कच्चं असेल तर तो पद्मशाली राहिला नाही असं इथे कुणी म्हणत नाही. पारध्याच्या मुलाला वेगळं माप का?

आडनावाचा मुद्दा वाचून कपाळाला हात लावावा लागतो. पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे ही पारध्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आडनावं आहेत आणि इतर कितीतरी जातींमध्येही तीच आहेत. महाराष्ट्रात आडनावावरून जात सांगता येत नाही हे शाळेत हजेरी घेणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. पण या अज्ञानाने प्रत्यक्ष नुकसान होतं. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी आडनाव ऐकून रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात कुणी ‘हिंदू मराठा’ लिहितं, कुणी नुसतं ‘हिंदू’, कुणी ‘भटके’. जन्मनोंद नसली की जन्मतारीख 1 जून. घरचे निरक्षर, वाचून बघणारं कुणी नाही. दहा-बारा वर्षांनी तीच चूक त्या मुलाच्या विरोधातला पुरावा म्हणून समोर येते.

आता सगळ्यात विषारी मुद्दा. ‘पारधी म्हणजे इंग्रजांनी ठरवलेले गुन्हेगार, सोलापूरची सेटलमेंट त्यासाठीच होती.’ बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर हे वाक्य फिरतंय.

1871चा गुन्हेगार जमाती कायदा कुणी काय केलं हे बघत नव्हता. सरकारने एखाद्या जमातीचं नाव जाहीर केलं की त्या जमातीत जन्मलेला माणूस नोंदीत यायचा. 1897च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची मुभा दिली. 1911 आणि 1924च्या कायद्यांनी ही पद्धत पक्की केली : बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, पासाशिवाय बाहेर पडायला बंदी. सोलापूरची तारेच्या कुंपणाची सेटलमेंट याच व्यवस्थेतली होती. कैकाडी, टकारी, भामटा, पारधी अशा जमातींची कुटुंबं अशा वसाहतींत डांबली गेली. इथल्या कापड गिरण्यांत राबलेल्या हातांत सेटलमेंटच्या कामगारांचेही हात होते. हा कायदा देशभरातून 31 ऑगस्ट 1952ला रद्द झाला. म्हणून ती तारीख विमुक्त दिन म्हणून पाळतात.

म्हणजे ज्या कायद्याने मुलांना आईच्या भाषेपासून आणि चालीरीतींपासून तोडायची मुभा दिली, त्याचाच दाखला देऊन मेसेज विचारतो की यांच्या चालीरीती कुठे गेल्या. आणि ‘गुन्हेगार जमात’ व ‘अनुसूचित जमात’ यांत एक खरी म्हणून दुसरी खोटी, असं काही नसतं. पहिला शिक्का परक्या सरकारने मारला आणि स्वतंत्र देशाने पुसला. दुसरी नोंद 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशातून आलेल्या यादीतली आहे आणि आजही लागू आहे. त्या यादीत महाराष्ट्रासाठी पारधी, फासेपारधी, लंगोली पारधी, चित्ता पारधी, टाकणकर ही नावं एकाच नोंदीत आहेत.

शिक्का कागदावरून पुसला तरी लोकांच्या डोक्यातून गेला नाही. गावात चोरी झाली की आधी पारधी वस्तीवर जाणारी गाडी, आडनावानंतर ‘म्हणजे नक्की कोण?’ विचारून खोली नाकारणारा घरमालक. अशा शहरात एखादी मुलगी आपली जमात वर्गात सांगत नसेल, तर ती ओळख विसरलेली नसते. ती स्वतःला जपत असते. हा मेसेज पुढे पाठवणारा तिचं ते जपणं आणखी अवघड करतो.

राहिला ‘दाखले बसल्या जागी मिळतात’ हा दावा. खोटी प्रमाणपत्रं निघतात, हे खरं आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रमाणपत्रावर मिळवलेली नोकरी आणि प्रवेश टिकणार नाही असं स्पष्ट केलं, ते योग्यच झालं. पण ती फसवणूक जमातीबाहेरची माणसं करतात आणि त्यात नुकसान खऱ्या पारधी, ठाकूर, महादेव कोळी मुलांचं होतं. त्या मुलांना कशातून जावं लागतं ते बघा.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. अर्ज सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 ही तारीख महत्त्वाची : त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा पालात जन्मले, शाळेत गेले नाहीत, जमीन नाही, म्हणून सातबारा नाही, फेरफार नाही. मग शोधायचं काय? गाव नमुना 14 म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर, चुलत आजोबांचा किंवा आत्याचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा (बापाकडचं रक्ताचं नातं असल्याने आत्याचाही चालतो), आणि नशीब असेल तर ज्या हजेरीने आजोबांचा जीव घेतला तिचीच एखादी सरकारी नोंद. स्वातंत्र्यापूर्वीच्या कागदाला सर्वांत जास्त वजन असतं.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला : राज पारधी, गाव पारधी, हरणशिकारी, पाल पारधी ही नावं अनुसूचित जमातींच्या नव्हे, राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत आणि तिथली तारीख 21 नोव्हेंबर 1961. एकाच घरात एका भावाच्या कागदावर ‘फासेपारधी’ आणि दुसऱ्याच्या ‘गाव पारधी’ असेल तर दोघांच्याही पडताळणीत प्रश्न उभा राहतो. दुसरा खास सोलापूरचा : अक्कलकोट, मंगळवेढ्याकडची कुटुंबं सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरायची. 1950 नंतर विजयपूर-कलबुर्गीकडून आलेल्या कुटुंबाला जमात तीच असली तरी महाराष्ट्रातल्या सवलती मिळत नाहीत.

दाखल्यानंतर पडताळणी : दाखला खरा आहे का हे तपासणी समिती बघते आणि पटलं तर वैधता प्रमाणपत्र देते. अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत जायला हवा. सोबत वंशावळ, शपथपत्र, वडील-आजोबांचे उतारे. वडील किंवा सख्ख्या काकांचं वैधता प्रमाणपत्र असेल आणि ते रीतसर चौकशी होऊन मिळालं असेल, तर काम पुष्कळ सोपं होतं. समितीचं कागदांवर समाधान झालं नाही तरच प्रकरण दक्षता पथकाकडे, म्हणजे घरी येऊन चौकशी करणाऱ्यांकडे, पाठवायचं, आणि तेही कारणं लिहून, असं 2023च्या त्याच निकालात आहे. हे माहीत नसलेले पालक पथक दारात आल्यावर घाबरून काहीतरी उत्तर देतात आणि ते जबाबात उतरतं.

धर्माचं एका वाक्यात : अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींच्या आदेशात नाही.

ज्यांच्या घरी मूल अजून शाळेत आहे त्यांनी या आठवड्यात एक काम करा. शाळेत जाऊन जनरल रजिस्टरमधला जातीचा रकाना स्वतः वाचा, येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्या मुलीला सोबत न्या. चूक असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मूल शाळेत असताना शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्ती होऊ शकते. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.