‘शनिवारी टाकी, रविवारी मासे’: एका सल्ल्याचा मुद्देसूद प्रतिवाद

घरी पहिलीच खाऱ्या पाण्याची, कोरलची (प्रवाळांची) टाकी लावू पाहणाऱ्यांमध्ये एक मजकूर हातोहात फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी “असंच करायचं ना?” असं विचारत. मजकूर थोडक्यात असा: नवशिक्याने २० लिटरची छोटी टाकी घ्यावी, ती सांभाळायला सोपी. शनिवारी नळाच्या पाण्यात मीठ विरघळवून टाकी भरावी, बाटलीतले जीवाणू ओतावेत आणि रविवारी क्लाऊनफिशची जोडी समुद्रफुलासकट (अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी जीवासकट) सोडावी. पाणी आटलं की तशाच खाऱ्या पाण्याने भर घालावी. माशांवर पांढरे ठिपके आले तर खाण्यातून लसणाचा रस द्यावा, त्यांच्यासाठी वेगळी टाकी ठेवण्याची गरज नाही. आणि कुणी जुने लाईव्ह रॉक (समुद्री जीव वसलेले खडक) फुकट दिले, तर ते उकळून निर्जंतुक करून घ्यावेत.

उकळण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीच्या चुकांत मासे जातात, या चुकीत माणूस जाऊ शकतो.

जुन्या खडकांवर पुष्कळदा बटणांसारख्या गोल तोंडांच्या, तपकिरी किंवा हिरवट जीवांची वसाहत असते. झोअँथिड म्हणतात त्यांना. त्यांच्यातल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. माहीत असलेल्या अतिजहाल नैसर्गिक विषांत त्याची गणना होते आणि त्यावर उतारा नाही. खडक उकळला की हे विष वाफेबरोबर, तुषारांबरोबर घरभर पसरतं आणि श्वासातून आत जातं. तोंडाला धातूसारखी चव, ताप, खोकला, धाप, अंगदुखी अशी लक्षणं दिसतात. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये २०१८ साली घरच्या टाकीतलं कोरल साफ करताना हे विष सुटलं, तेव्हा घरातल्या माणसांबरोबर मदतीला धावलेल्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. म्हणून खडक उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, ब्रशने खसाखसा घासू नका, प्रेशरच्या फवाऱ्याखाली धरू नका. कोरल हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. खडकावर काय वाढलंय हे ओळखता येत नसेल, तर फुकटचा खडक नाकारा आणि कोरडा खडक घ्या.

शिवाय उकळून हाती काय लागतं? इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत जगापुढे मांडली, तेव्हा त्यांच्या टाकीत समुद्रातून आणलेले खडक आणि हवेचे बुडबुडे एवढंच होतं. पाणी शुद्ध राखण्याचं काम खडकाच्या छिद्राछिद्रांतले जीवाणू करत होते. लाईव्ह रॉक हाच फिल्टर असतो. उकळला की फिल्टर मेला, आणि आत मेलेलं सगळं कुजून अमोनिया सोडत राहणार.

आता ‘छोटी टाकी सोपी’ हा मुद्दा. छोटी टाकी उचलायला, ठेवायला सोपी असते, हे खरं. पण टाकी सांभाळायची म्हणजे पाणी स्थिर ठेवायचं, आणि थोडं पाणी स्थिर ठेवणं जास्त पाण्यापेक्षा कितीतरी अवघड. चुकून चिमूटभर जास्त पडलेलं खाणं, रॉकमागे मेलेली एखादी गोगलगाय, तासभर अडकून राहिलेला हीटर: २०० लिटरमध्ये यातलं बरंच काही पचून जातं, २० लिटरमध्ये संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडत येतात. जागा आणि जमिनीची ताकद असेल तर पहिली टाकी १०० लिटरच्या पुढचीच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. वजनाचा हिशेब मात्र आधी करा. समुद्राचं एक लिटर पाणी एक किलोपेक्षा थोडं जास्तच भरतं, त्यात काच, खडक आणि वाळूची भर.

याच्या शेजारीच खाऱ्या पाण्याची भर घालण्याचा मुद्दा येतो, आणि सबंध मजकुरात सर्वांत शांतपणे घात करणारं वाक्य हेच आहे. टाकीतून वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. २० लिटरच्या टाकीतून रोज अर्धा लिटर पाणी उडालं आणि तुम्ही तेवढंच खारं पाणी घातलंत, तर आठवड्यात १२० ग्रॅमहून जास्त क्षार वाढतात आणि खारेपणा ३५ वरून ४१ च्या पुढे जातो. पाणी तसंच काचेसारखं नितळ दिसतं, कोरल मात्र मिटून बसतात. भर घालायची ती नेहमी बिनखाऱ्या, आरओ-डीआय (गाळून क्षार पूर्ण काढलेल्या) पाण्याची. खारं पाणी तयार करायचं ते फक्त पाणी बदलण्यासाठी.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. खारेपणा मोजणारा, तरंगत्या काट्याचा साधा हायड्रोमीटर ‘ठीक’ दाखवत होता. पुढे खारेपणा जास्त अचूक दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घेतला, काचेवर दोन थेंब टाकले, झाकण मिटून उजेडाकडे धरला. निळ्या आणि पांढऱ्याची सीमा ३५ वर दिसायला हवी होती, ती ४० च्या वर होती. आधी उपकरणावरच शंका घेतली, ३५ च्या प्रमाण द्रावणाने ते तपासलं. उपकरण बरोबर होतं. खारेपणा खाली आणायला मग आठवडा घेतला, रोज थोडं थोडं, कारण एका झटक्यात उतरवला असता तर उरलेले जीवही गेले असते.

नळाच्या पाण्याबद्दल फार लिहीत नाही. क्लोरीन घालवणारं औषध क्लोरीन घालवतं. तांबं, सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट तिथेच राहतात. तांब्याचा अंश माशांना सोसतो, पण कोळंबी, गोगलगायी आणि कोरल यांना नाही. आणि मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ नव्हे. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हेही ठरलेल्या प्रमाणात असतात. त्यासाठी रीफचं तयार सॉल्ट मिक्सच लागतं.

रविवारी मासे सोडण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक पहिल्या टाक्या इथेच बुडतात. मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच जितका वर तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. म्हणून गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया निभावतो तेवढाच इथे कल्ले भाजून काढतो. हा अमोनिया एका गटाचे जीवाणू नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे त्याचं नायट्रेट. इतर कित्येक जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना अर्धा दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. ते खडकाला, वाळूला धरून वाढतात, त्यामुळे पुरेशी वसाहत बसायला सहसा ४ ते ६ आठवडे जातात.

बाटलीतले जीवाणू खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ताजी, नीट साठवलेली बाटली असेल तर हा काळ खरोखर कमी होतो. पण बाटली बियाणं देते, पीक उभं राहिलं की नाही ते तपासूनच कळतं. तपासायची रीतही सोपी आहे. टाकीत मासा न ठेवता अमोनियम क्लोराइडचे थेंब घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम) न्यायचा आणि २४ तासांनी मोजायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर टाकी सायकल झाली, म्हणजे जीवाणूंची वसाहत पुरेशी बसली. नाही आले तर थांबायचं. त्यानंतर साठलेलं नायट्रेट कमी करायला एकदा भरपूर पाणी बदलायचं आणि मगच पहिला जीव.

“आमचे मासे तर रविवारी सोडले आणि जगले,” असं सांगणारे भेटतात. काहींचे जगतात. पण अमोनियाने भाजलेला मासा त्याच दिवशी मरेलच असं नाही. तो आठवडाभर खातो, पोहतो, मग श्वास जलद होतो, कोपऱ्यात थांबू लागतो आणि तिसऱ्या आठवड्यात जातो. तोवर रविवार विसरला गेलेला असतो आणि दोष खाण्याला किंवा विकणाऱ्याला दिला जातो.

क्लाऊनफिशबरोबर समुद्रफूल हवंच, हेही खरं नाही. समुद्रात त्याच्या दंशपेशी माशाचं भक्षकांपासून रक्षण करतात. टाकीत भक्षकच नसतो. आज मिळणारे बरेचसे ओसेलॅरिस जातीचे क्लाऊनफिश टाकीतच जन्मलेले असतात, त्यांनी समुद्रफूल कधी पाहिलेलंही नसतं, आणि त्यावाचून ते वर्षानुवर्षं मजेत राहतात. काही तर एखाद्या मऊ लेदर कोरललाच आपलं घर मानतात. समुद्रफुलाला मात्र टाकी जुनी लागते. त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला प्रखर उजेड हवा, पाणी स्थिर हवं. जागा पसंत पडली नाही की ते पाय सोडून चालू लागतं आणि पंपात ओढलं जातं. बबल-टिप जातीचं समुद्रफूल ३० सेंटीमीटरपर्यंत पसरू शकतं, आणि २० लिटरच्या चौकोनी टाकीची बाजू भरते सुमारे २७ सेंटीमीटर. टाकी वर्षाची होईपर्यंत तरी ते आणू नये.

लसणाने पांढरे ठिपके जातात, या समजुतीमागे एक खरंखुरं निरीक्षण आहे: ठिपके जाताना दिसतात. पण हे ठिपके पाडणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशाच्या अंगावर काही दिवसच राहतो. मग स्वतःहून गळून पडतो, खडकाला किंवा वाळूला चिकटून कवच करतो आणि आतल्या आत विभागतो. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, त्यातून नवी पिल्लं बाहेर पडून मासा शोधतात. ठिपके ज्या दिवशी गेले त्या दिवशी मासा बरा झालेला नसतो, रोग वाळूत उतरलेला असतो. पुढची लाट पहिल्यापेक्षा मोठी येते. तांब्याचं औषध चालतं, पण ते कोरल असलेल्या टाकीत घालता येत नाही. म्हणूनच वेगळी टाकी लागते. काच, एक हीटर, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपचा तुकडा एवढं पुरतं. नवा मासा तिथे ४ ते ६ आठवडे ठेवावा. मुख्य टाकीत रोग शिरलाच, तर सगळे मासे काढून ती बिनमाशांची ७६ दिवस ठेवण्याची रीत अनुभवी लोक पाळतात, कारण कवचातली शेवटची पिल्लं इतक्या उशिरापर्यंत निघू शकतात.

मजकुरातली एक गोष्ट मला पटते: पहिला मासा म्हणून क्लाऊनफिशची जोडी. दोन्ही लहान घ्यावेत, आकारात थोडा फरक असलेले. या जातीत सगळे आधी नर असतात, आणि दोघांतला वरचढ मोठा मासा मादी होतो, त्यामुळे भांडण लवकर मिटतं. पण त्यांच्याआधी दोन-तीन गोगलगायी येऊ द्या. सायकल संपता संपता काचेवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर चढतो, तेव्हाच त्यांना खायला असतं. मासे स्थिरावल्यावर मशरूम, झोअँथिड (वर सांगितलेली काळजी घेऊनच), लेदर असे मऊ कोरल एकेक करून आणा. अ‍ॅक्रोपोरासारख्या कठीण कोरलना क्षारता आणि कॅल्शियम रोज एकाच पातळीवर हवं असतं, ते पुढच्या वर्षी.

माझ्या दुसऱ्या टाकीत अमोनिया तपासायची नळी सलग तीन दिवस पिवळी, म्हणजे शून्य दाखवणारी, राहिली ती ३७ व्या दिवशी. त्या संध्याकाळी पहिली गोगलगाय सोडली. सकाळी तपकिरी काचेवर तिने चरत नेलेली, बोटभर रुंदीची स्वच्छ वाट दिसत होती.