नकाशात नसलेली ट्यूबवेल

गेल्या डिसेंबरात चोपडा तालुक्यात मामांकडे गेलो होतो. सकाळी सातला मामेभाऊ केळीबागेच्या बांधावर निळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये युरिया ओतत होता. गोणीची शिवण उसवायची, पांढरे दाणे पाण्यात सोडायचे आणि बांबूने ढवळायचे. युरिया विरघळताना पाणी गारठतं. आधीच थंडी, त्यात त्या ड्रमला हात लावला तर बोटं आखडली. मग व्हेंचुरीतून, म्हणजे खताचं पाणी ओढून घेणाऱ्या नळीतून, ते पाणी ठिबकच्या नळ्यांत गेलं.

मी खिशातून अमेरिकेतल्या आयोवाहून आणलेली छोटी डबी काढली. तिच्यात कागदी पट्ट्या असतात. पाण्यात बुडवून मिनिटभर थांबायचं, नायट्रेट, म्हणजे खतातल्या नत्राचं पाण्यात विरघळलेलं रूप, असेल तर टोक गुलाबी होतं. ड्रमातलं पाणी नाही तपासलं, थेट ट्यूबवेलच्या पाइपाखाली पट्टी धरली. फिक्का गुलाबी, मग गडद गुलाबी. डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिलं तर १० आणि २० च्या मधे कुठेतरी. कागदी पट्टी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे मान्य. पण अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला नायट्रेट-नत्राची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे हीच मर्यादा नायट्रेट म्हणून मोजतात आणि ती ४५ लिहितात. हिशोबाने दोन्ही आकडे जवळपास एकच.

मामेभाऊ म्हणाला, "आम्ही हे पाणी पितो कुठे? जार येतो." वीस लिटरचा जार. ओट्यावर उभाच होता.

मग त्याने माझ्या नोकरीवर बोट ठेवलं. मी आयोवात नकाशे करतो. पाणलोटांचे. शेतातून वाहणारं पाणी कुठून कुठे जातं आणि ते अडवायला-गाळायला माणसाने काय काय केलंय, हे पडद्यावर रेघा मारून दाखवायचं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुन्हा नकाशामा मन्ही ट्यूबवेल दिसस का?"

प्रश्न गमतीत होता. मला तो विमानातही सुटला नाही.

आयोवाचं थोडं सांगतो. बत्तीस लाखांच्या आसपास माणसं आणि दोन कोटींहून जास्त डुकरं असलेलं हे राज्य. उरलेल्या जागेत मका आणि सोयाबीन. जमीन मुळात पाणथळ, म्हणून शतकभरापूर्वीपासून शेताखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र नळ्या गाडून ठेवल्यात. जादा पाणी त्या नळ्यांतून नाल्यात, नाल्यातून नदीत. पिकाने न उचललेलं नत्र त्याच वाटेने जातं. आमच्याकडे पाणी खाली मुरावं म्हणून धडपड, इथे ते साचू नये म्हणून. डे मॉइन शहर रॅकून आणि डे मॉइन या दोन नद्यांचं पाणी पितं आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्या पाण्यातलं नायट्रेट काढायला वेगळा कारखाना चालवतं. २०२५ च्या जूनमध्ये तोही पुरेना. तेव्हा पाणीपुरवठा यंत्रणेने हिरवळीला पाणी घालायला बंदी केली. नद्या दुथडी भरून वाहत होत्या, पाऊस झालेला होता, आणि तरी पाणी जपून वापरा. जळगावच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. पाणी भरपूर होतं, पण पिण्याजोगं करून द्यायची क्षमता संपली होती.

आणि याच राज्याकडे पाणलोटांचे इतके सुंदर नकाशे आहेत की बघत राहावं. विमानातून लेझरने जमिनीची उंची मोजली, तिथल्या विद्यापीठाने त्यावरून आणि हवाई छायाचित्रांवरून शेतांतल्या जलसंधारणाच्या खुणा एकेक करून टिपल्या. समतल बांध, गवताळ पाणवाटा, तळ्यांचे बांध, गाळ अडवणारे खड्डे. टेरेस म्हणजे समतल बांधच पाच लाखांहून जास्त निघाले, तळ्यांचे बांध एक लाखावर. हा नकाशा कोणालाही घरबसल्या उघडून पाहता येतो.

मग पाणी का सुधारलं नाही? तर नकाशात पाण्यासाठी काय केलं ते आहे. पाण्याचं काय केलं ते नाही. कुठल्या शेतात किती नत्र पडलं, कुठल्या नळीतून किती बाहेर आलं, याला नकाशात रेघ नाही. शेतकऱ्याने सरकारी योजनेत काय केलं ती माहिती केंद्राच्या कायद्याने गोपनीय, म्हणून तर विद्यापीठाला आकाशातून बघावं लागलं. २०१३ साली राज्याने नत्र आणि स्फुरद ४५ टक्क्यांनी कमी करण्याचं धोरण आणलं, पण सगळं ऐच्छिक. २०१५ मध्ये शहराच्या पाणी यंत्रणेने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंटींतल्या, म्हणजे जिल्ह्यांतल्या, शेताखालच्या नळ्यांचं पाणी वाहून नेणाऱ्या निचरा मंडळांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. हा प्रश्न विधिमंडळाचा, असं न्यायालयाचं म्हणणं. विधिमंडळ शेतकऱ्यांना दुखवत नाही. हे वाक्य मी मराठीत लिहितोय म्हणून महाराष्ट्राबद्दल वाटेल, पण आयोवाबद्दल आहे.

आता घरची चर्चा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याचे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मेगा रिचार्ज, म्हणजे तापीचं पुराचं पाणी जमिनीत मुरवायची योजना, झालं की यावल-रावेर-चोपड्याचं भलं होणार. दुसरा म्हणतो, आधी गावातले नाले खोल करा, शिरपूरला झालं ते इथे का होत नाही? अधूनमधून नार-पार-गिरणा नदीजोडचं पाणी कुणाला, यावरून भांडण. आयोवातून मी मधे काही लिहिलं की "तिथे बसून सांगायला काय जातं" हे उत्तर ठरलेलं. खरं आहे, काही जात नाही. तरी लिहितो.

मेगा रिचार्जची कल्पना भूशास्त्राला धरून आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगड-गोटे, वाळू, मुरूम यांचा पट्टा आहे, त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरणारे नाले तिथे येऊन जिरतात. त्याच्या खालच्या अंगाला, नदीकडे, तापीचा गाळ, शेकडो फूट जाड, आणि त्यातलं पाणी दोन-तीन पिढ्या केळीने प्यालंय. तापीचं पुराचं पाणी कालव्यांनी या पट्ट्यात नेऊन सोडायचं. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने त्यासाठी करार केला. शिरपूरचं कामही डोळ्यांनी पाहिलंय. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद-खोल करून सिमेंट बंधारे घातले आणि बऱ्याच विहिरींना पाणी आलं. पण नंतर राज्यभर जेसीबी फिरला, आणि जिथे खाली काय खडक आहे हे न बघता खोदलं तिथे नाल्याचं गटार झालं.

दोन्ही पक्ष भांडतात ते पाणी आत कसं घालायचं यावर. बाहेर किती काढतो, हे कुणी बोलत नाही. जलयुक्त शिवारात प्रत्येक बंधाऱ्याचा फोटो जीपीएससकट ॲपवर चढला. आयोवासारखाच नकाशा, आयोवाइतकाच अर्धा. सुमारे ९,६०० कोटी खर्चून भूजल वाढवण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगने २०२० मध्ये म्हटलं. त्यावर खूप राजकारण झालं. पण त्याच अहवालात आणखी एक गोष्ट होती: पाणी आलं तिथे लोक जास्त पाणी पिणाऱ्या पिकांकडे वळले. आमच्या ग्रुपवर या वाक्यावर एकही मेसेज आला नाही. ग्रुपातल्या निम्म्यांची केळी आहे.

केळीचा हिशोब मी कागदावर मांडला. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ झाडं. झाडाला साधारण २०० ग्रॅम नत्राची जुनी शिफारस धरली तर एकरी ३४८ किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे गोणीला वीस-एकवीस किलो. सगळं नत्र युरियातूनच द्यायचं तर एकरी सतरा गोण्या. केळी वर्षभराहून जास्त शेतात उभी राहते, ठिबकवर खत कमी लागतं, हे सगळं मान्य करून आकडा खाली ओढा. तरी आयोवाच्या मक्याला एकरी साठ-सत्तर किलो नत्र पडतं, आणि त्यावर डे मॉइनने कोर्टकचेरी केली. त्यांचं जादा नत्र नदीला जातं, म्हणून शहराला कळतं. आमचं खाली मुरतं, म्हणून कुणाला कळत नाही. ते साडेचारशे फुटांवरच्या ट्यूबवेलमधून परत वर येतं, आणि मेगा रिचार्जने पाणी आणखी वेगाने खाली ढकललं तर सोबत काय ढकललं जाईल, हा प्रश्न मला एकाही सभेच्या बातमीत दिसला नाही.

साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना लगाम घालणारा भूजल अधिनियम, नावात २००९ असलेला, राज्यात २०१३ सालीच झाला. मामेभावाच्या शिवारात साठ मीटरला काहीच लागत नाही. कायदा पाळायचा तर शेती सोडायची. असे कायदे आपण खूप केले.

माझ्या वडिलांचं गाव पांझरेच्या काठी, धुळ्याच्या वर. तिथे फड होते. नदीवर ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटावर चाऱ्या, आणि खालच्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एकच पीक, ते पंचांनी ठरवायचं. यंदा उसाचा फड कुठला, ज्वारीचा कुठला. पाणी सोडायला पाटकरी, राखायला जागल्या. हे तीनशे वर्षांहून जुनं असावं असं अभ्यासक सांगतात. वडील त्याचे फार गोडवे गात नसत. पाटकरी कुणाच्या बाजूने झुकायचा याचे किस्सेच जास्त. पण एक गोष्ट ते बोटं मोजून सांगत: प्रत्येकाची थोडी-थोडी जमीन प्रत्येक फडात. पाऊस कमी झाला, एकच फड भिजवायचा ठरला, तरी त्यात प्रत्येकाचं काहीतरी भिजायचं. दुसऱ्याने जास्त पाणी घेतलं की ते बांधावरून दिसायचं. उपसा आणि माणूस एकाच जागी उभे असत.

मग वर धरणं झाली, काठाने विहिरी झाल्या, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याची मोटार त्याचं पाणी. बंधारे अजून आहेत, काहींवर पोरं पोहतात. फड परत आणा, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. जमिनींच्या इतक्या वाटण्या झाल्यात की ते जुळायचंच नाही, आणि विहिरीने ज्या लहान शेतकऱ्याला पाटकऱ्याच्या मर्जीतून सोडवलं त्याला परत त्या दारात कोण उभं करणार?

पण उपशाचा नकाशा करता येईल, आणि त्यासाठी लेझरचं विमान लागणार नाही. माहिती पडून आहे. २०२१ पासून ई-पीक पाहणीत गट नंबरनिहाय पीक नोंदलं जातं, फोटोसकट. खताच्या दुकानात आधारचा अंगठा घेतल्याशिवाय सहसा युरियाची गोणी मिळत नाही. कुणी किती उचलल्या ते यंत्रात आहे. शेतीपंपाचं कनेक्शन किती एचपीचं, हे वीज कंपनीकडे आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेने सगळ्या राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडून ठेवलेत आणि त्यांच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी जुन्या आहेत. चार खाती, चार कपाटं. पीक गटावर, गोणी आधारवर, वीज कनेक्शनवर, आणि पाणी मात्र पाणलोटावर. ही चार कापडं एकावर एक टाकून शिवली की एका नाल्याच्या पाणलोटात वर्षाला काय आत जातं आणि काय बाहेर येतं, हे ढोबळ का होईना दिसेल. नेमकं हेच शिवणकाम करून माझं घर चालतं, म्हणून सांगतो, ते काही फार अवघड नाही.

अवघड आहे ते पुढचं. नावं घालायची का? आयोवात नावं झाकली आणि नकाशा शोभेचा झाला. इथे नावं उघडी केली तर पहिली कुऱ्हाड लहान शेतकऱ्यावर पडेल, ज्याच्याकडे एकच बोअर आहे आणि तीही कर्जाची. नदीपात्रातून रात्री वाळू उपसणाऱ्या डंपरचा ठिपका तर कुठल्याच नकाशावर येणार नाही, हे पैजेवर सांगतो. माझं मत असं की आकडा नाल्यापुरता उघडा असावा, गटापुरता गावातच राहावा: ग्रामसभेत, भिंतीवर, ज्यांना तो शेजारी माहीत आहे त्यांच्यासमोर. सरकारला दंड करायला द्यायचा असेल तर कुणी खरं सांगणार नाही. मी तरी सांगितलं नसतं.

मामेभावाला हे सगळं त्या दिवशी बांधावर सांगितलं. त्याने पाइप बंद केला, गोणी झटकून घडी केली. गोण्या तो जपतो, मिरच्या भरायला होतात. म्हणाला, बघू.

मी परत आल्यावर तीन आठवड्यांनी त्याचे व्हॉट्सॲपवर ठिपके आले, लोकेशन पाठवतात तसे. पाठोपाठ एक, दोन, तीन. खाली लिहिलं होतं, "टाक तुझ्या नकाशात." मी टाकले. चौथी ट्यूबवेल घराच्या मागे आहे, तिच्यावरच मी अंघोळ केली होती. पाचवीचं मामी बोलता बोलता बोलून गेल्या.