ट्रान्सप्लांटनंतरच्या गोळीबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, राग समजतो. तुमच्या साळ्याचा मायलोमा, म्हणजे मज्जेतला रक्ताचा कॅन्सर, ट्रान्सप्लांटनंतर उलटला, तोही रोज लेनालिडोमाइड (आजार दबून राहावा म्हणून नंतर देतात ती देखभालीची गोळी) चालू असताना. म्हणून तुम्ही लिहिलंत की ही गोळी म्हणजे कंपन्यांचा धंदा, आणि वरून तिच्यानेच दुसरा कॅन्सर होतो.

दुसऱ्या कॅन्सरचं खरं आहे. २०१७ साली तीन चाचण्यांतल्या १,२०८ रुग्णांचे आकडे एकत्र मांडले गेले. मूळ आजार वाढण्याआधी रक्ताचा दुसरा कॅन्सर झाला तो गोळीवाल्यांत ५.३ टक्के, बाकीच्यांत ०.८. पण त्याच अभ्यासात आजार न वाढता गेलेला मध्यक काळ ५२.८ महिने निघाला, गोळी नसलेल्यांत २३.५. हे का सोडून दिलंत?

‘ट्रान्सप्लांट यशस्वी झालं, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न नागपुरात प्रत्येक वेटिंग रूममध्ये ऐकू येतो. मायलोमात बहुतेकदा रोग्याच्याच मूळ पेशी (स्टेम सेल) काढून परत देतात. कॅन्सरवर घाव घालतं ते मेल्फलान, म्हणजे त्याआधी दिलेलं किमोचं औषध. पेशी मज्जा पुन्हा उभी करायला. पण त्यानेही सगळा कॅन्सर मरत नाही. त्यामुळे रिपोर्ट कितीही चांगला आला तरी वावरात हराळीची मुळं राहतातच, ती दाबून ठेवायला गोळी.

त्रास नाही असं मी कधीच म्हटलं नाही. माझे बाबाही हीच गोळी घेत. त्यांना मे महिन्यात जुलाब लागले, बाहेर पंचेचाळीस डिग्री, अंगातलं पाणी गेलं आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) चढलं. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून डॉक्टरांनी डोस उतरवला. बायको तेव्हा गरोदर. औषध थॅलिडोमाइडच्या कुळातलं, म्हणजे पोटातल्या बाळाला व्यंग आणू शकणारं, त्यामुळे डब्याला ती हातही लावत नसे. बाबा स्वतःच काढून घेत.

आता तुमच्या साळ्याचं. गोळी बंद असताना आजार उलटणं वेगळं आणि गोळी चालू असताना उलटणं वेगळं. पहिल्यात तेच औषध मोठ्या डोसमध्ये, दुसऱ्या औषधांच्या जोडीने परत देता येतं. दुसऱ्यात आजाराने त्या औषधाला दाद देणं सोडलेलं असतं. तिथे डॅराट्युमुमॅब, कार्फिल्झोमिब, पोमॅलिडोमाइड या दुसऱ्या औषधांचा विचार होतो. देखभालीची १० एमजी तशीच रेटत राहण्यात अर्थ नाही. त्यांची गोळी अजून तशीच चालू असेल तर माझ्याशी भांडू नका, फाइल घेऊन हिमॅटॉलॉजिस्टकडे (रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरकडे) जा आणि ‘पुढचं औषध कोणतं?’ हे विचारा. एम-बँडचे (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रोटीनचे) जुने रिपोर्टही सोबत न्या, चढ कधीपासून सुरू झाला ते त्यातच दिसतं.