एका शेंगदाण्याचं ध्यान

सजग आहार, म्हणजे दर घासाकडे लक्ष देत सावकाश जेवणं, सुरू करायचं ठरवलंय म्हणता? अभिनंदन. सोलापुरात राहून असलं काही ठरवायला छाती लागते. पोट तर आपल्याकडे आधीपासूनच आहे.

पहिलं काम म्हणजे घरात जाहीर करा. सजगता मुकाट्यानं केली तर वाया जाते. रविवारी सकाळी बायको ज्वारीचं पीठ मळत असताना ओट्याशी उभे राहा आणि सांगा, ‘आजपासून मी माइंडफुल जेवणार.’ ती विचारेल, ‘म्हणजे भाकऱ्या किती टाकू?’ तिच्यावर चिडू नका. साधनेच्या वाटेवर असे प्रश्न विचारणारी माणसं भेटायचीच.

या पंथाचा पहिला धडा मनुक्याचा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली सुरू केलेला ताण हलका करण्याचा अभ्यासक्रम आता आठ आठवड्यांचा असतो. त्यात माणसं एकच मनुका तळहातावर घेतात, तो कधी पाहिलाच नव्हता असं त्याच्याकडे बघतात, हुंगतात, कानाशी नेतात आणि मग अगदी सावकाश खातात. मनुका आपण सांगलीकरांना सोडून देऊ. सोलापूरकराला शेंगदाणाच शोभतो.

तर एक शेंगदाणा घ्या. एकच. दुसरा हात पाठीमागे धरा, त्याच्यावर फार विश्वास टाकू नका. दाण्याचं लाल साल न्याहाळा, टोकाचा तो इवलासा कोंब बघा. आता दाणा कानाजवळ न्या. दाण्यातून आवाज येणार नाही, मागून येईल : ‘कानात घालू नका हो, अडकला तर रविवारी कुठला डॉक्टर मिळायचा?’ हा विचार ढगासारखा येऊ द्या आणि ढगासारखाच जाऊ द्या. मग दाणा जिभेवर ठेवा, चावू नका, लाळ सुटू द्या. एका दाण्याला सात मिनिटं लागली पाहिजेत.

आता चटणीकडे वळू. शेंगाचटणीच्या एका मोठ्या चमच्यात साधारण वीस-बावीस दाणे लसूण, जिरं, मीठ, तिखट यांच्या संगतीनं तेल सुटेपर्यंत उखळात कुटलेले असतात. दाण्याला सात मिनिटं, म्हणजे एका चमच्यात अडीच तासांची साधना तयार. ती तुम्ही वर दही घालून दोन घासांत उरकता. एवढी प्रगती आठ आठवड्यांत अमेरिकेतही कुणाची झाली नसेल. शंभर ग्रॅम दाण्यांत ५६७ कॅलरी आणि ४९ ग्रॅम स्निग्धांश असतो, तो हिशोब मात्र चमचा धुऊन झाल्यावर करा. आधी केला तर मन विचलित होतं.

चावण्याबद्दल फार सांगत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला होरेस फ्लेचर नावाच्या अमेरिकन गृहस्थानं घासाचं पाणी होऊन तो आपोआप खाली उतरेपर्यंत चावावं, असा प्रचार केला आणि त्याला अनुयायीही मिळाले. बिचाऱ्याला कडक भाकरी माहीत नव्हती. ती असली की प्रचार लागत नाही. दाढा मुकाट्यानं कामाला लागतात आणि तो आवाज सुरू असेपर्यंत टीव्हीवरचं काही ऐकूही येत नाही. गंमत म्हणजे आपल्या चरकसंहितेनं जेवण फार घाईनं नको तसंच फार रेंगाळतही नको, असंही बजावलंय. न बोलता, न हसता, जेवणात मन ठेवून जेवा म्हणतात चरक. पण हे घरचंच निघालं, त्यामुळे त्याची शिबिराची फी कोण भरणार?

आता भावनिक भूक. पोटाची भूक हळूहळू चढते आणि तिला आमटी-भाकरी चालते. मनाची भूक एकदम येते आणि पदार्थाचं नाव घेऊनच येते. रात्री साडेदहाला पार्क चौकातल्या गाड्यावरची मिरची भजी डोळ्यांपुढे तरळू लागली की ओळखावं, ही मनाची. अशा वेळी स्वतःला विचारायचं : मी रागावलोय का? एकटा पडलोय का? थकलोय का? मे महिना, पारा ४३ वर, साहेबांनी चारचौघांत झापलंय, नळाला पाणी यायचं होतं ते आलेलं नाही. तिन्ही प्रश्नांची उत्तरं होकारार्थीच येतील. उत्तरं मिळाली की मन स्वच्छ होतं. स्वच्छ मनानं गाडी काढा.

अ‍ॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं व्यसनं सोडवताना एक युक्ती शिकवली. तल्लफ म्हणजे लाट. ती चढते, शिखराला पोचते, ओसरते. तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर स्वार होऊन ओसरायची वाट बघा. युक्ती खरोखर चांगली आहे, थट्टा नाही करत. पण समुद्र आपल्यापासून लांब आणि कंबर तलावात म्हणाव्या तशा लाटा उठत नाहीत. सरावाला जागाच नाही, तर आपण काय करणार?

भुकेची वहीही ठेवा म्हणतात : जेवणाआधी भूक दहापैकी किती, नंतर किती. ठेवा. पहिले तीन दिवस अक्षर छान येतं. आणि जानेवारीत वही मिटून ठेवा, कारण सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा आणि शेतावरचा हुरडा एकाच सुमाराला येतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेलं कणीस चोळून गरम दाणे कुणी हातावर ठेवले, तर ‘माझी भूक सध्या दहापैकी चार आहे’ असं सांगणाऱ्याला पुढच्या वर्षी बोलावत नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचं, घरातलं वातावरण. सजग जेवणाला शांतता लागते, तेव्हा पोरांना आतल्या खोलीत पाठवा. फोन बंद, टीव्ही बंद. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे, नाहीतर वाफेचा वास नाकाला कसा कळणार? पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वीसेक मिनिटं लागतात, म्हणून सावकाश जेवायचं. तेव्हा एक भाकरी संपली की डोळे मिटून थांबा. पाच मिनिटांनी डोळे उघडा आणि दुसरी गरम मागा. तिनं दोन्ही एकदमच थापल्या असतील तर साधनेचं महत्त्व तिला पुन्हा समजावून सांगा. ती गॅससमोर घाम पुसत ऐकून घेईल.

तुमचं आटोपेल तोवर रात्रीचे दहा वाजतील. मग ती जेवेल. ओट्याशी उभी राहून, ताट न घेता, तव्याच्या कडेला राहिलेला भाकरीचा तुकडा आणि पातेल्यातली उरलेली आमटी. घास तोंडात, कान नळाकडे, एक डोळा दुधावर. जेवणाकडे लक्ष म्हणून नाही. तुम्ही नुकतेच शिकलाय, तेव्हा हे तिच्या लक्षात आणून देणं तुमचं कर्तव्यच आहे. म्हणा, ‘अगं, तू फार माइंडलेस जेवतेस.’

ती घास गिळेल आणि म्हणेल, ‘चटणीच्या डब्याचं झाकण तुम्हीच उघडं टाकलंय ना? लावा आधी, मुंग्या होतायत.’