काकांचा रशियन शेठ

आयर्लंडमधल्या लिमरिकला आल्यावर पहिल्याच फोनवर काकांना सांगितलं, इथून जवळच मोठी रिफायनरी आहे. दांडिया बाजारातून लगेच प्रश्न, "म्हणजे कोयलीसारखीच ना?" बडोदेकराला रिफायनरी म्हटलं की पेट्रोलच दिसतं. ही अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या कच्च्या मालाची. शॅनन नदीच्या मुखाशी ऑगिनिश बेटावर गिनी आणि ब्राझीलहून बॉक्साइटची जहाजं लागतात. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात शिजवून त्यातून पांढरी भुकटी काढायची आणि ती परदेशातल्या भट्ट्यांकडे धाडायची, एवढाच कारभार. धातू इथे बनत नाही. मागे राहतो तो लाल चिखल.

काका आयपीसीएल या बडोद्याच्या सरकारी पेट्रोकेमिकल कंपनीतून निवृत्त झालेले. सरकारी कंपन्या विकाव्यात का, यावर दर दिवाळीत त्यांचं आणि दादाचं वाजतं. काका बाल्को या सरकारी अॅल्युमिनियम कंपनीपासून सुरू करतात: २००१ साली ५१ टक्के हिस्सा ५५१ कोटींत गेला, कोरब्याचे कामगार ६७ दिवस संपावर बसले, काय झालं? मग गाडी आयपीसीएलवर येते. २००२ मध्ये २६ टक्के हिस्सा आणि कारभार रिलायन्सकडे, २००७ मध्ये नावही गेलं. दादाचं उत्तर ठरलेलं: प्लास्टिकचे दाणे विकायला सरकार कशाला हवं?

मग दोघंही माझ्याकडे वळतात. तुमच्याकडे काय?

आमच्याकडे सरकार मालक कधीच नव्हतं. अल्कन, बिलिटन आणि अॅनाकोंडा या तीन कंपन्यांनी मिळून कारखाना बांधला, १९८३ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९९९ मध्ये तो ग्लेनकोरने घेतला. पुढे २००७ मध्ये, म्हणजे आयपीसीएलचं नाव पुसलं गेलं त्याच वर्षी, रुसाल या रशियन कंपनीकडे गेला. कारखान्याजवळच्या आस्कीटन गावच्या लोकांना यात फारसं काही वाटलं नसावं. पगार वेळेवर होता.

एप्रिल २०१८ मध्ये मात्र अमेरिकेने रुसाल आणि तिचे बडे भागधारक ओलेग देरिपास्का यांच्यावर निर्बंध घातले. कारखान्यात काही बिघडलं नव्हतं, मागणी होती, तरी गिऱ्हाईक आणि बँका बिचकल्या. लिमरिकच्या घरांचे हप्ते वॉशिंग्टनमधल्या एका यादीवर येऊन ठेपले. आयर्लंडसकट अनेक सरकारांनी रदबदली केली, देरिपास्कांनी आपला हिस्सा कमी केला, आणि जानेवारी २०१९ मध्ये रुसालवरचे निर्बंध उठले. युक्रेनच्या युद्धानंतर पुन्हा कुजबुज सुरू झाली: ही भुकटी रशियाला जाऊन शेवटी कशात वितळते?

तेव्हापासून मी दादाच्या बाजूने बोलणं कमी केलंय. मालक कोण याने काही फरक पडत नाही, हे मला आता पटत नाही. पण काकांचं सरकारी मालकीचं औषधही मला लागू पडेलसं वाटत नाही. लाल चिखल साठवायची जागा वाढवायचं ठरलं तेव्हा इथले लोक परवानगीविरुद्ध कोर्टात गेले. रशियन मालकाशी त्यांना भांडावंच लागलं नाही, परवानगी देणाऱ्या मंडळाशी भांडले. हिस्सा विकताना असा हात धरण्याचा हक्क कोणाकडे उरतो, हे आपल्याकडे किंमत ठरवण्याआधी विचारलं पाहिजे. आपण कोटींवरच अडतो.

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण तुमचा तो रशियन शेठ दिवाळीला बोनस देतो का?"